काट्यावरचं बोट

४ मार्च

अनिर्णित हा शब्द आमच्या वजनमापं खात्यात नाही. दुकानदाराचा काटा बरोबर असला तर मी शिक्का मारते. चुकीचा असला तर सील लावते, आणि दुकानदार मनातल्या मनात माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करतो. मधलं काही नसतं. आज दवाखान्यातल्या कागदावर माझ्या नावापुढे नेमका तोच शब्द छापून आला.

डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. पहिल्या चाचणीत एचआयव्हीची खूण दिसली. खात्री करायला दुसरी केली, तर तिचं उत्तर धड हो नाही की धड नाही नाही. तिसरीत विषाणू थेट रक्तात शोधतात, तिथे काहीच सापडलं नाही. मी विचारलं, "म्हणजे मला आहे की नाही?" त्या म्हणाल्या, "अशी खूण पुष्कळदा खोटी निघते. दोन आठवड्यांनी परत बघू. तोवर रोजची गोळी चालू ठेवा."

ही गोळी मला होऊ नये म्हणून आहे. झालाय तो नवऱ्याला. तो बंदरावर क्रेन चालवतो. हिवाळ्यात कामावरच्या लोकांबरोबर रक्त द्यायला गेला आणि रक्तपेढीतून बोलावणं आलं. माझी चाचणी तेव्हा स्वच्छ होती. त्याची औषधं लगेच सुरू झाली. औषधांनी विषाणू पुरता दबला की त्याच्यापासून मला धोका नाही, पण त्याला काही महिने लागतात. तेवढ्या महिन्यांसाठी माझी गोळी. हे सगळं मला तोंडपाठ आहे.

समुपदेशक बाई म्हणाल्या, मनात येईल ते वहीत लिहा, मोकळं वाटेल. बरं. मनात येतंय ते असं की कुणाचं तरी डोकं फोडावं. मोकळं काही वाटलं नाही.

५ मार्च

नवऱ्याला सांगितलं. तो अंडी फेटत होता. हात थांबला नाही, नुसता मंदावला. मग म्हणाला, "माझ्यामुळे."

मी म्हटलं, "छे, शेजाऱ्यांमुळे."

बोलायला नको होतं, पण बोलून बरं वाटलं. त्याने अंडी केली, दोन ताटल्यांत वाढली, माझी जास्त भरली. गेल्या काही महिन्यांत माझी ताटली नेहमीच जास्त भरलेली असते.

कुठून आलं हे त्याने एकदाच सांगितलंय. नवीन क्रेन शिकायला दुसऱ्या बंदरावर गेला होता, तिथे एक बाई होती. मी विचारलं, त्याने सांगितलं, मी पाण्याचा जग भिंतीवर फेकला आणि विषय बंद झाला. बंद म्हणजे रोज पानात वाढलेला असतो, फक्त हात कुणी लावत नाही. मी आतल्या खोलीत झोपते, तो बाहेर कोचावर. कोच त्याच्या मापाचा नाही, पाय बाहेर येतात. मला दिसतं, पण मी काही म्हणत नाही.

११ मार्च

आज पेट्रोलपंपावर मापं तपासत होते. सील लावताना तार बोटात घुसली. रक्त आलं. थेंबच, पण मी त्याच्याकडे बघतच बसले. आमच्या गाडीवाल्या काकांनी लगेच रुमाल काढला आणि माझा हात धरायला पुढे आले. मी किंचाळले, "हात लावू नका!"

पंपावरची माणसं वळून बघायला लागली. काकांचा चेहरा एवढासा झाला. "अहो बाई, मी काय तुमचं बोट खातो काय?" असं म्हणून रुमाल घडी घालून परत खिशात ठेवला. एरवी दिवसभर तोंडाचा पट्टा चालू असतो त्यांचा. माझ्या सासूबाईंनाही ते लाजवतील. आज परतताना रेडिओसुद्धा लावला नाही.

सीलची तार मी कागदात गुंडाळून पर्समध्ये घालून घरी आणली. कचऱ्यात टाकायचं धाडस झालं नाही. आता टेबलावर ती तार आहे आणि मी आहे. काकांना काय सांगू? झालंय म्हणू की झालं नाही म्हणू? एक काहीतरी असतं तर निदान धड खोटं तरी बोलता आलं असतं.

१८ मार्च

परत तेच. पहिल्या चाचणीत खूण, दुसरीत गोंधळ, तिसरीत काही नाही. भिजत घोंगडं.

मी डॉक्टरीणबाईंना म्हटलं, "तुमचं यंत्र तपासून घ्या एकदा." त्या हसल्या. मी हसले नाही. मग विचारलं, असं कशाने होतं? त्या म्हणाल्या, कारणं पुष्कळ असतात. शरीर कधीकधी उगाच खोटी खूण दाखवतं. आणि क्वचित, म्हणजे अगदी क्वचित, खरंच लागण झालेली असते, पण प्रतिबंधक गोळी चालू असल्यामुळे ती दबून राहते आणि चाचणीत स्पष्ट उमटत नाही.

"म्हणजे गोळीमुळे कळत नाहीये?"

"तसं मी म्हणत नाही. आणि हे ऐकून गोळी बंद करू नका हं. मिस्टरांचा विषाणूचा आकडा खाली आल्याचं कागदावर दिसल्याशिवाय तर मुळीच नाही. जे करायचं ते मला विचारून. त्यांची तपासणी राहिलीय, त्यांना पाठवा. तुमची पुढची चाचणी आता चार आठवड्यांनी."

घरी येऊन त्याला निरोप दिला. म्हणाला, या आठवड्यात सकाळपाळी आहे, जमायचं नाही.

१९ मार्च

आज खाटकाच्या दुकानात गेलो. माणूस बोलायला मधाळ, काटा नवा, शिक्का ताजा. माझी प्रमाण वजनं ठेवली, सगळं चोख. मग मी बाजूला उभी राहून गिऱ्हाइकाला देताना बघितलं. मांस ठेवतो आणि करंगळी पारड्याच्या कडेला टेकवून गप्पा मारतो. इतकी अलगद, की त्याची त्यालाही जाणीव नसेल.

मी म्हटलं, "हात वर."

त्याने चोरासारखे दोन्ही हात वर केले. काटा घसरला आणि जिथे थांबायचा तिथे थांबला. गिऱ्हाईक बाईने खाटकाला जे सुनावलं ते ऐकून काकासुद्धा आठवड्यानंतर पहिल्यांदा हसले.

मी मात्र तिथेच खिळले. बोट असताना वजन वाचायचं नाही, हे मी नव्या इन्स्पेक्टरांना पहिल्या दिवशी शिकवते. आणि इथे माझ्या स्वतःच्या रक्ताच्या काट्यावर रोज संध्याकाळी एक गोळी ठेवून पुन्हा पुन्हा वजन वाचायला जाते!

काय तो सोक्षमोक्ष एकदा लागू दे. बोट काढायचं. जे असेल ते दिसेल. धोका काय आहे? तो कोचावर झोपतो, मी आत. आम्ही एकमेकांचा टॉवेलसुद्धा वापरत नाही. चाचणी झाली की परत सुरू करीन.

डॉक्टरीणबाईंना विचारलं तर नाहीच म्हणणार. त्या डॉक्टर आहेत, काटेवाल्या नाहीत.

२० मार्च

जेवण झाल्यावर आम्ही दोघं एकाच वेळी गोळ्या घेतो. समुपदेशक बाईंनीच सांगितलं होतं, एकमेकांना आठवण राहील. तो त्याची घेऊन बेसिनपाशी जातो, कारण त्याला ती घशात अडकते, नळाच्या वाहत्या पाण्याबरोबर गिळायला बरी पडते म्हणतो. माझ्याकडे पाठ असते. म्हणजे माझं काम सोपंच झालं. मी पेला तोंडाला लावला आणि गोळी गाऊनच्या खिशात टाकली.

"घेतलीस?" त्याने नळ बंद करत विचारलं.

"घेतली. तू?"

"हो."

नंतर मी ती मोरीत टाकून पाणी ओतलं. लाज वाटली, खोटं नाही बोलत. पण गेल्या कित्येक दिवसांत पहिल्यांदा मी काहीतरी केलं होतं. एरवी सगळं माझ्यावर होत होतं.

२९ मार्च

सासूबाई राहायला आल्यात. त्यांना यातलं काही माहीत नाही. आल्या आल्या मुलाचा चेहरा दोन्ही हातांत धरून म्हणाल्या, "बाई, किती दिवसांनी माणसात आलास! मागे आले तेव्हा नुसता झोपाळलेला होतास."

खरंच आहे. सुरुवातीला औषधाने त्याला सकाळी गरगरायचं. भिंतीला धरून संडासात जायचा. क्रेनची शिडी चढताना मध्येच थांबावं लागतं, असं एकदा म्हणाला होता. आता ते सगळं गेलंय. सकाळी शीळ घालत दाढी करतो. औषध अंगी लागलं. एकाला तरी.

सासूबाईंनी कोचावरची उशी बघितली आणि मला स्वयंपाकघरात गाठलं. "घोरतो का गं तो?"

"हो."

"त्याचे वडील पण घोरायचे. मी कापूस घालायची कानात. कोचावर नाही हो पाठवलं कधी."

मी कांदा कापत होते, ते बरं झालं. डोळ्यांतलं पाणी कशाचं हे सांगावं लागलं नाही. त्या राहणार तेवढे दिवस तो आत झोपेल, खाली जमिनीवर गादी टाकून. आज झोपण्यापूर्वी म्हणाला, "पाठ सरळ झाली बघ." मी दिवा मालवला.

६ एप्रिल

सासूबाई गेल्या. गादी खालीच आहे. त्याने उचलली नाही आणि मी सांगितलं नाही.

दवाखान्यातून त्याला तपासणीसाठी फोन आला होता. म्हणाला, दुसऱ्या क्रेनवाल्याची रजा आहे, मला निघता येत नाही. मी म्हटलं, तुझा आकडा काय पळून जातोय, जा सावकाश. मला माझ्याच तारखेचं पडलंय. घसा जरा खवखवला तरी आरशासमोर तोंड वासून उभी राहते. जीव टांगणीला लागणं म्हणजे काय ते शाळेत वाक्यात उपयोग करताना कळलं नव्हतं.

१६ एप्रिल

नाही! मला नाहीये. पहिल्या चाचणीत नाही, दुसरीत नाही, तिसरीतही नाही. कागदावर स्वच्छ, खणखणीत नाही.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आधीच्या दोन्ही खुणा खोट्याच होत्या, कधीकधी आपोआप विरून जातात. मी मान डोलावली. मनात म्हटलं, आपोआप नाही बाई, बोट काढलं म्हणून. त्यांनी विचारलं, "गोळी नियमित चालू आहे ना?" मी म्हटलं, "हो." "छान. अशीच चालू ठेवा. आणि मिस्टरांना खरंच पाठवा आता. त्यांच्या आकड्याची मी वाट बघतेय."

बाहेर आले आणि गाडीत बसून रडले. काका म्हणाले, "कुणी गेलं का हो?" मी म्हटलं, "नाही काका, कुणी गेलं नाही." आणि त्यांच्या खिशातला तो रुमाल मागून घेतला. बिचाऱ्यांनी इतक्या आनंदाने दिला.

१७ एप्रिल

काल लिहायचं अर्धवट राहिलं.

नवरा कामावरून आला तेव्हा मी दारातच सांगितलं. तो चपला न काढता खाली बसला. भिंतीला टेकून, लहान मुलासारखे पाय पसरून. म्हणाला, "मी रोज वर केबिनमध्ये बसून हेच मागायचो. बाकी काही नाही." मग माझ्या गुडघ्यांना मिठी मारून रडला. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, मी त्याला असं रडताना बघितलं नव्हतं. माझा सगळा राग त्या क्षणी कुठे गेला ते मला माहीत नाही. शोधलाही नाही.

जेवायचं राहून गेलं. गादी खाली होतीच.

मध्येच तो थांबला. घरात निरोध नव्हते, कशाला असतील? म्हणाला, "थांबू या. उद्या आणतो."

मला थांबायचं नव्हतं. किती महिने मी स्वतःच्याच अंगाला हात लावायला भीत होते.

"तू गोळी घेतेस ना?" त्याने विचारलं.

"घेते. आणि तू?"

"म्हणजे काय!"

त्याची औषधं चालू होऊन इतके महिने झालेत, विषाणू केव्हाच दबला असणार. कागद तेवढा यायचा बाकी आहे. आज सकाळी तो शीळ घालत गेला आणि मीही ऑफिसात दोन दुकानदारांना नुसती ताकीद देऊन सोडलं.

२० एप्रिल

सोमवारपासून गोळी परत सुरू करायची असं ठरवलं होतं. आज सोमवार, केली. शनिवार-रविवार आम्ही कुठेही गेलो नाही. पडदेसुद्धा उघडले नाहीत.

९ मे

ताप. अंग ठेचल्यासारखं दुखतंय, घसा सुजलाय, छातीवर पुरळ. धान्यबाजारात तीन दिवस धुळीत काम केलं, त्याचं असणार. काकांनाही शिंका येतायत. नवरा सारखा कपाळावर हात ठेवून बघतो. सुट्टी घेऊन घरी थांबला. दवाखान्यात जाऊ या म्हणाला तर मी त्याच्या अंगावर ओरडले. माझा कागद आलाय. स्वच्छ आलाय. परत तिथे जाऊन त्या खुर्चीत बसणार नाही मी.

१४ मे

ताप गेला. बघ, म्हटलं, धूळच होती.

२७ मे

नेहमीच्या तारखेला गेले होते. या वेळी कुठल्याच चाचणीत गोंधळ नाही. पहिलीत आहे, दुसरीत आहे, तिसरीत आकडा इतका मोठा की डॉक्टरीणबाईंनी तो मला नुसता दाखवला, वाचला नाही. त्यांनी नवऱ्याला फोन करून बोलावून घेतलं. या वेळी त्याला पाळी आडवी आली नाही. त्याचंही रक्त घेतलं, आणि संध्याकाळपर्यंत तिथेच थांबायला सांगितलं. त्याचा आकडाही मोठा निघाला.

डॉक्टरीणबाईंनी त्याला विचारलं, "औषध घेत होतात का?"

त्याने बुटांकडे बघत सगळं सांगितलं. आधी सकाळपाळीच्या आदल्या दिवशी तेवढी चुकवायचा. एकदा केबिनमध्ये डोकं गरगरलं, हात सुटला आणि कंटेनर खालच्या माणसांच्या डोक्यावरून झोकांडी खाऊन गेला. कुणाला लागलं नाही. पण दुसऱ्या दिवशी त्याने गोळी नळाच्या पाण्यात सोडली, आणि तिसऱ्या दिवशीही. "खाली माणसं असतात हो बाई," तो म्हणाला. "मला सांगायचं होतं. पण सांगितलं तर क्रेन जाईल, कारण सांगावं लागेल, सगळ्यांना कळेल. आणि ती गोळी घेत होती. मला वाटलं, तिला काही होणार नाही."

डॉक्टरीणबाई जोरात बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "त्याच दिवशी आला असतात तर दुसरं औषध दिलं असतं. न गरगरणारं. आहे तसं."

हे ऐकून तो जो कोसळला, ते मला लिहिता येत नाही.

मग त्या माझ्याकडे वळल्या. "आणि तुम्ही? तुमची गोळी रोज चालू होती? हे मला नक्की कळायला हवं, कारण..."

माझं तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. पण त्याच्या आधी तो म्हणाला, "तिला कशाला विचारताय? ती रोज घ्यायची. मी स्वतः बघितलंय. तिने एक दिवस चुकवला नाही. चूक माझी आहे, एकट्याची."

डॉक्टरीणबाई माझ्याकडे बघत होत्या. मी मान हलवली. हो म्हणून.

त्यांनी सुस्कारा टाकला आणि लिहायला घेतलं. रोज गोळी घेऊनही झालं, म्हणजे हा विषाणू त्या गोळीला जुमानत नसावा. तेव्हा नेहमीचं एका गोळीचं औषध नको, जास्त ताकदीचं देते, दिवसातून दोनदा, जेवणाबरोबर. पोटाला त्रास होईल. आणखी एक तपासणी बाहेर पाठवतेय, ती आली की बघू. त्या म्हणाल्या, नीट घेतलंत तर दोघंही म्हातारे व्हाल. हे त्यांनी दोनदा सांगितलं.

२८ मे

सांगायचं ठरवलं होतं. तो चहा घेऊन आला आणि माझ्या पायाशी जमिनीवर बसला. मी चहा प्यायले.

६ जून

नव्या औषधाने पोटात सारखं ढवळतं. दोनदा उलटी झाली. पहिल्या खेपेला तो धावत आला, माझी पाठ चोळली आणि म्हणाला, "हे सगळं मी केलं तुला." मी तोंड धुतलं.

त्याने क्रेन सोडली. स्वतःच साहेबाला जाऊन चक्कर येते म्हणून सांगितलं. आता खाली गोदामात मोजणीच्या कामावर आहे. शीळ घालत नाही. त्याचं औषध बदललंय, न गरगरणारं. ते तो माझ्यासमोर घेतो, टेबलाशी बसून, आणि गिळल्यावर तोंड उघडून दाखवतो. मी सांगितलं, असं करू नकोस. ऐकत नाही.

डॉक्टरीणबाईंचा फोनवर निरोप आला की बाहेरच्या तपासणीत काही वेगळं दिसत नाही. मला दिलेली जुनी गोळी या विषाणूवर चालायला हवी होती, कशी चालली नाही कळत नाही. पुढच्या भेटीत सविस्तर बोलू. मी तो निरोप पुसून टाकला. नवरा मोजणीवर गेल्यावर रोज एकदा फोन हातात घेते, त्यांचा नंबर काढते आणि परत ठेवते. त्यांना सांगितलं तर त्या औषध हलकं करतील. मग तो विचारेल, का बदललं?

आज जेवताना त्याने घास खाली ठेवला आणि विचारलं, "तू मला कधी माफ करशील?" डोळे वर न करता. मी त्याच्याकडे बघितलं. किती वाळलाय. माझ्या ताटलीत त्याच्यापेक्षा दुप्पट वाढलेलं होतं.

मी म्हणाले, "केलं."

तो हमसून रडला. मग उठून माझा हात हातात घेतला आणि म्हणाला, तुझ्या जागी दुसरी कुणी असती तर केलं नसतं, तुझे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. मी हात काढून घेतला नाही.